फटीतून की अंगातून?



बोटात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. यालाच दाह म्हणतात. अशा वेळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी बारीक शिरांच्या भिंती ओलांडून त्या जागी पोहोचतात. विद्यार्थ्यांना शिकवताना आपण सहज म्हणतो, ‘पांढऱ्या पेशी भिंतीच्या पेशींमधून बाहेर पडतात.’ विज्ञान शिकवणारा म्हणून मी या ‘मधून’पाशी थांबतो. दोन पेशींच्या फटीतून, की एखाद्या पेशीच्या अंगातून?

हा शब्दच्छल नव्हे. ही वाट इतकी अरुंद, की ती नीट पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. सुजलेल्या ऊतीचा कण रसायनांनी आहे त्या स्थितीत स्थिर करतात, राळेत घट्ट बसवतात आणि हिऱ्याच्या पात्याने कापतात. एक काप साधारण ७० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम हजारावा भाग. एका पांढऱ्या पेशीचे असे शंभरावर काप होतात.

त्यामुळे एकच काप फसवू शकतो. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचे केंद्रक एकच, पण पाळ्यापाळ्यांचे असते. एका कापात त्या पाळ्या सुट्या केंद्रकांसारख्या दिसतात. वाटेचेही तसेच. एका कापात पेशीच्या अंगातले भोक वाटते, ते पुढच्या कापात फटीला जाऊन मिळते. लागोपाठचे काप जुळवल्याशिवाय निर्णय देता येत नाही.

१९६१ साली व्हिन्सेंट मार्चेसी यांनी ही वाट फटीतून जाते, असे मांडले. १९९८ साली फेंग, ड्वोरॅक आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या त्वचेचे लागोपाठ काप तपासून न्यूट्रोफिल पेशीच्या अंगातूनही जातात, असे दाखवले. आज दोन्ही वाटा मान्य आहेत. फटीची वाट अधिक वापरातली.

या दोन शोधांमध्ये ३७ वर्षे गेली. आपला ‘मधून’ दोन्ही उत्तरे एकदम देतो आणि प्रश्नच दिसेनासा करतो. ‘फटीतून’ आणि ‘अंगातून’ हे शब्द मात्र आपल्या घरचेच आहेत. ते वर्गात वापरले, तर सातवीतला मुलगाही विचारील, ‘सर, नक्की कुठून?’ तो प्रश्न त्याला मराठीत पडावा, एवढेच मागणे.