जुनं चाक उकलण्याआधी



पांढुर्णा-सौसरकडे अजून कितीतरी घरी गोठ्याच्या कडेला एखादी राजदूत, जावा नाहीतर जुनी बुलेट उभी असते. संत्र्याच्या बागेत जायला आजोबांनी घेतलेली. नातवाला ती सुरू करायची हौस येते आणि काम चाकाशी अडतं. मग नागपूरहून जुन्या बाजारातलं चाक येतं, त्याची रिंग आपल्या हबवर चढवायला. आणा, खुशाल आणा. माझं सांगणं एकच आहे: गाडीचं मूळ चाक मोजल्याशिवाय उकलू नका.

आकार तुम्हाला पाठ आहेत. बुलेट 19, राजदूत 18, जुनी जावा 16. गंजलेल्या रिंगवर तारेचा ब्रश मारला की शिक्काही दिसतो. ‘डब्ल्यूएम 2-19’ म्हणजे आतून 1.85 इंच रुंद, 19 इंची रिंग. भोकं मोजता, बुलेटची 40 भरतात, आणि खूश होऊन पैसे देता. अरे बाबांनो, भोकं भरली म्हणजे रिंग जुळली असं नाही! प्रत्येक भोक आपापल्या हबच्या रोखानं तिरपं पाडलेलं असतं. दुसऱ्या हबची रिंग चढवली की स्पोक निप्पलपाशी वाकतो, आणि पुढे तिथेच तुटतो.

बैलगाडीचं चाक आठवा. सुतार आधी तुंबा घडवतो, त्यात आरे ठोकतो, मग पाटे, आणि शेवटी तापवलेली लोखंडी धाव. सगळं तुंब्यापासून बाहेर जातं. मोटारसायकलचं चाकही असंच हबपासून वाचायचं. फरक एवढाच की बैलगाडीचं ओझं खालच्या आऱ्यावर उभं राहतं, आणि आपला तारेचा स्पोक ताणावर काम करतो. एका बाजूचे स्पोक आवळले की रिंग तिकडे सरकते. म्हणजे रिंग हबच्या कोणत्या बाजूला किती असावी, हे स्पोकच्या ताणानं राखलेलं असतं. ते माप रिंगवरच्या शिक्क्यात नसतं. ते तुमच्या मोडक्या चाकात असतं, आणि तेच चाक तुम्ही आधी उकलता!

ड्रमवर सरळ पट्टी आडवी ठेवा. पट्टीपासून रिंगच्या काठापर्यंतचं अंतर मोजा, दोन्ही बाजूंनी, आणि कागदावर लिहा. चाक वाकडं असेल तर चार ठिकाणी मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

हे केलं नाही की पुढे काय होतं तेही ऐका. मागचं चाक एका अंगाला येतं, आणि मिस्त्री एक्सलवर वायसर भरून ते मधोमध आणतो. वायसरनं रिंग सरकते तसं चेनचं सॉकेटही सरकतं. मग चेन तिरपी चालते आणि दाते खाते. रिंग सरकवायची तर स्पोकनंच, एका बाजूचे ढिले, दुसऱ्या बाजूचे आवळून. पण किती? ते सांगणारं माप हवंच, म्हणून पुन्हा पुन्हा म्हणतो, आधी मोजा.

ड्रमला पडलेली खाच, बेअरिंगची ढिलाई, दोन्ही राहिलं. वेळ संपत आली. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, तेवढं पाहून घ्या. आणि नवे स्पोक थोडी गाडी चालली की बसतात, ढिले होतात. पुन्हा एकदा आवळून आउट काढून घ्या.