संस्थेचा सेवक घडवावा लागतो
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी वास्तूंचा आणि दात्यांचा गौरव होणे उचितच आहे. परंतु पुढील पन्नास वर्षे या वास्तूंत काम कोण करणार, हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे आहे. त्याचे उत्तर शोधताना शेजारच्या एका लहान समाजाकडे पाहणे बोधप्रद ठरेल.

पनवेलचे बेथ-एल सिनेगॉग 1849 सालचे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंचे ते प्रार्थनामंदिर. हा समाज कोकणात तेलाचे घाणे चालवी आणि शनिवारी ते बंद ठेवी, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. याच समाजातील हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ऐन तारुण्यात, 1853 साली, बंधूंच्या साहाय्याने शिक्षणप्रसारासाठी मंडळ स्थापिले व 1875 साली मुंबईत शाळा काढली. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली; तरीही मागे राहिलेल्यांनी आपल्या संस्था जतन केल्या.

ज्यू समाजाने आणखी एक गोष्ट ओळखली. संस्थेतील नोकरी हा स्वतंत्र पेशा आहे आणि तो शिकवावा लागतो. अमेरिकेत हिब्रू युनियन कॉलेजने 1968 साली लॉस एंजेलिस येथे समाजसंस्थांचे सेवक घडविणारे विद्यालयच सुरू केले.

हा विचार जैन समाजाला परका नाही. जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1935 साली साताऱ्यात शिक्षक घडविणारे विद्यालयही काढले. शाळा वाढवायच्या तर आधी शिक्षक तयार हवेत, हे त्यांनी जाणले होते.

कापडाच्या पेढीवर नवा मुलगा आला, की त्याला प्रथम तागा उलगडावयास, पोत ओळखावयास व मोजमाप करावयास शिकवितात. लगेच गल्ल्यावर बसवीत नाहीत. संस्थेत मात्र वसतिगृहाचा अधीक्षक, पाठशाळेचा शिक्षक वा कार्यालयाचा व्यवस्थापक पहिल्याच दिवशी एकटा सोडला जातो. हिशेब, धर्मादाय आयुक्तांकडील विवरणपत्रे, करसवलतीची नोंदणी, दात्यांशी पत्रव्यवहार, सारे त्याने आपोआप जाणावे अशी अपेक्षा असते. वेतनाचा विषय निघताच 'सेवाभाव' आठवतो. मग तो संस्थेला धर्मशाळा समजतो; दुसरी नोकरी मिळताच निघून जातो आणि त्याने शिकलेले सारे त्याच्याबरोबर जाते.

यावर उपाय अवघड नाहीत. तरुण सेवकास योग्य वेतन द्यावे. पहिले वर्ष अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली काम शिकू द्यावे. खाडीपलीकडे देवनारला 1936 साली स्थापन झालेली टाटा समाजविज्ञान संस्था आहे. अशा ठिकाणच्या प्रशिक्षणाचा खर्च संस्थेने उचलावा. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यास बोलावून त्याचे म्हणणे ऐकावे.

ज्ञानदान हे श्रेष्ठ दान मानले जाते. दात्याने एक खोली बांधून द्यावी, तसाच एक सेवक घडवून द्यावा. त्याच्या नावाची पाटी लागणार नाही; पण शंभराव्या वर्षी संस्थेचे दार उघडणारा हात त्यातूनच तयार होईल.

जय जिनेंद्र!