मुळशीचं पाणी जातं कुठं

(पौड येथील मेळाव्यात आमच्या गटाने केलेल्या भाषणाचा मजकूर. फेब्रुवारी १९९४. वाड्यांवर वाचून दाखवावा.)



मागच्या महिन्यात आम्ही सात जण मुंबईला जाऊन आलो. चार बाया आणि तीन पोरं. वाडीवर म्हणतात, ही मंडळी समुद्र बघायला गेली. समुद्र बघितला, खोटं कशाला बोलायचं. पण संघटनेनं काम दिलं होतं ते वेगळं. आपल्या धरणाचं पाणी आणि वीज कुठं जाते ते जमेल तसं चालत, गाडीनं, शेवटपर्यंत बघायचं आणि सगळ्यांना येऊन सांगायचं. म्हणून पुण्याला जाऊन रेल्वेत बसलो नाही. घाटवाटेनं खाली कोकणात उतरलो.

मुळा नदी पूर्वेची. पुण्यावरून भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. शाळेत हेच शिकवतात. पण धरण झाल्यापासून मुळशीचं पाणी डोंगरातून बोगद्यानं पश्चिमेला वळवलंय. खाली भिऱ्याला वीजघर आहे. पाणी मोठमोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येतं आणि त्या जोरावर यंत्रं फिरतात. १९२७ पासून फिरतात. आम्हाला आत जाता आलं नाही, कुंपणाबाहेर उभं राहून नळ बघितले. मान दुखेपर्यंत बघितले. काम झालेलं पाणी कुंडलिका नदीत सोडतात. आपल्याकडं झरे आटायला लागतात त्या दिवसांत कुंडलिका भरून वाहते. रोह्याकडं कालव्यानं पाणी जातं, तिथं भाताचं दुसरं पीक घेतात. त्या शेतकऱ्यांवर आमचा राग नाही, त्यांनी पोरांसारखी शेती जपलीय. आम्ही नुसतं बांधावर उभं राहून हिरवं भात बघत बसलो. आमच्यातल्या एकीनं ओंजळभर पाणी घेतलं आणि प्याली. म्हणाली, आपलंच आहे.

रात्री एका कातकरीवाडीवर राहिलो. लांबची सोयरीक निघाली. तिथंही तीच गत. घर त्यांचं, घराखालची जागा दुसऱ्याच्या नावावर. निम्मी वाडी वीटभट्टीवर गेलेली, दारांना काटे लावलेले. म्हाताऱ्या आणि कुत्री राखणीला.

पुढं रेवदंड्याला नदी समुद्राला मिळते. तिथं एक कोळीण सुकी मासळी विकत होती. आम्ही कुठून आलो ते सांगितलं तर म्हणाली, "वरून तुमचं पाणी चांगलं येतं गो, वाटेत नासतं." रोह्याजवळ कारखाने आहेत. खाडीत पूर्वीसारखी मासळी राहिली नाही म्हणाली.

रेवसहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला गेलो. अंधार पडता पडता मुंबई दिसायला लागली. आता हे कसं सांगावं? आधी वाटलं किनाऱ्याला वणवा लागलाय. जवळ गेलो तसे दिवे वेगळे झाले. आमच्यातली म्हातारी म्हणाली, "यातला एक दिवा आपल्या वाडीला दिला असता तर यांचं काय कमी पडलं असतं?" आता बरोबर सांगायचं तर मुंबईची सगळी वीज मुळशीची नाही. ट्रॉम्बेला मोठं औष्णिक केंद्र आहे, बरीच वीज तिथली. धरणाच्या विजेचा उपयोग जास्त कधी, तर संध्याकाळी सगळे एकदम दिवे लावतात तेव्हा. म्हणजे आम्ही लाँचमधून बघत होतो नेमकी ती वेळ. आपल्या वाडीत त्या वेळेला चिमणी लावतात, तेही रॉकेल असेल तर.

धरणाची हकिगत तरुण पोरांना माहीत नाही म्हणून थोडक्यात. टाटांच्या कंपनीनं हे धरण बांधायला काढलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट पुढं होते. बापटांना सेनापती म्हणायला लागले ते या लढ्यापासून. बावन्न गावांचा प्रश्न होता. जमिनी पुष्कळ सावकारांच्या नावावर होत्या, त्यांनी मोबदला घेऊन मिटवलं. कसणारी कुळं राहिली बाजूला. आणि कातकरी? त्याचं ना मालकीत नाव, ना कुळात. नदीकाठी मासे धरायचा, रानात कंद काढायचा, काताचं लाकूड तोडायचा. त्याला मोबदला कशाचा देणार? पाणी चढलं तसा तो वर सरकला. आज आपल्या वाड्या जिथं आहेत तिथं त्या अशा आल्या.

मुंबईत आम्ही आरेत राहिलो. गोरेगावच्या बाजूला. लोकांना वाटतं मुंबईत आदिवासी कुठले. आरेत पाडे आहेत, वारली, मल्हार कोळी, कोकणा, आणि आपले कातकरीसुद्धा. भाजी लावतात, वाघदेवाला मानतात. दुधाच्या कॉलनीसाठी सरकारनं ती जमीन घेतली. १९५१ ला नेहरू उद्घाटनाला आले होते. १९७७ ला तिथंच फिल्मसिटी उभी राहिली. पलीकडं विहार तलाव, १८६० चा, मुंबईला नळानं पाणी द्यायला बांधलेला. इतकं सगळं अंगणात असून काही पाड्यांत अजून वीज नाही. का? तर जागा तुमची असल्याचा कागद आणा. सिनेमासाठी तिथं पुठ्ठ्याचं गाव उभं करतात, त्याला रात्रभर दिवे. आम्ही स्वतः बघितलं.

२६ जानेवारीला पाड्यावर झेंडा लावला आणि मग बैठक झाली. तिथल्या एका कार्यकर्त्यानं ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगितली, ती तुम्ही ऐकली पाहिजे. तिकडं पण २६ जानेवारीला सण असतो. १७८८ साली त्या दिवशी गोऱ्यांनी सिडनीच्या खाडीत आपला झेंडा लावला. अकरा जहाजं आली होती. आज तिथं मुंबईसारखं मोठं बंदराचं शहर आहे. तिथले मूळचे लोक गाडिगल. त्यांच्याकडे कागद नव्हता. गोऱ्यांच्या कायद्यानं धरून चालले की ही जमीन कुणाचीच नाही. म्हणून १९३८ ला तिथल्या आदिवासींनी सिडनीत हा दिवस दुखवट्याचा म्हणून पाळला.

तिथला एडी माबो नावाचा माणूस. मूळचा मेर बेटाचा. पोटासाठी टाउन्सव्हिल या समुद्रकाठच्या शहरात आला आणि तिथल्या विद्यापीठात माळी म्हणून काम करायचा. तिथल्या शिकवणाऱ्यांशी बोलताना त्याला कळलं की बेटावरची आपली जमीन कायद्यानं आपली नाहीच, सरकारची आहे. त्याचा विश्वासच बसेना. १९८२ ला त्यानं आणि बेटावरच्या आणखी चौघांनी दावा लावला. न्यायाधीश बेटावर गेले, लोकांचं तोंडचं ऐकलं, कुणाची बाग कुठून कुठपर्यंत ते ऐकलं. ३ जून १९९२ ला वरच्या कोर्टानं निकाल दिला की ती जमीन बेटावरच्या लोकांची, आणि 'कुणाचीच नाही' हे म्हणणं चुकीचं. माबो त्याच्या चार-साडेचार महिने आधी वारला. यात फार हुरळून जाऊ नका. जी जमीन आधीच विकून दिली गेली ती त्या निकालानं परत मिळत नाही. सिडनी काही गाडिगलांना मिळणार नाही.

आम्ही हे का सांगतोय? आज मेळाव्याला माणसं कमी आहेत. कुठं आहेत? भट्टीवर. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतली की वाडी उठते ती पावसाच्या तोंडावर परत येते. आणि मोजणी कधी होते? याच महिन्यांत. मागच्या साली एका वाडीवर मोजणीदार आला तेव्हा तीन म्हाताऱ्या होत्या. कागदावर लिहिलं, जागा पडीक, वस्ती नाही. आता त्या जागेला तार आली आहे, पुण्याच्या माणसानं घेतली म्हणतात. दहा घरं उठायची वेळ आलीय.

रानातल्या जमिनीचंही तसंच. २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीपासून कसत होता याचा पुरावा मागतात, म्हणजे दंडाची पावती. ज्यांनी गार्डाला कोंबडी दिली त्यांच्याकडं कसली पावती? कोंबडी पावती देत नाही.

तर असं ठरलंय. प्रत्येक वाडीनं निदान दोन घरं मागं ठेवायची, बाकीच्यांनी त्यांच्या खाण्याचं बघायचं. उचल घेतानाच मुकादमाला हे सांगायचं, नंतर नाही. होळीला भट्टीवरची माणसं दोन दिवस येतात, तेव्हा बसून लिहायचं: घर कुणाचं, किती पिढ्या, आंबा-फणस कुणी लावला, मसणवटा कुठं, देव कुठं, नाचणी कुठल्या उतारावर पेरतो. म्हाताऱ्यांकडून लिहून घ्या, त्यांचा अंगठा घ्या, तारीख घाला. लिहिणारं कुणी नसेल तर आमच्यातलं एक जण येईल. वह्या आणि शाईचा पॅड कार्यालयात ठेवलाय, आज जाताना घेऊन जा. तार आली त्या वाडीची वही आधी पुरी करायची आहे, तिथं आम्ही सातही जण रविवारी सकाळी पोचतोय.