मोठी डिस्क, कमी वॅट: घरच्या सर्व्हरचा खरा हिशेब

(या भागाचं शब्दांकन. अर्धवट राहिलेली वाक्यं पूर्ण केली आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आज एकच विषय. घरच्या सर्व्हरला मोठी हार्ड डिस्क जोडायची आहे आणि ती वीज कमी खाणारी हवी. बऱ्याच जणांनी विचारलंय की कमी वॅटची डिस्क घेतली तर लाइट बिलात फरक पडतो का. पडतो. पण आपण समजतो तेवढा नाही, आणि तिचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी होतो. तो कुठे, ते सांगायला थोडी आकडेमोड करावी लागेल.

एक आकडा पाठ करून टाका. एक वॅट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट होतात. वर्षाचे तास ८७६०, भागिले हजार, एवढंच गणित. आता युनिटचा दर. महावितरणच्या घरगुती बिलात स्लॅब असतात, १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, पुढे आणखी चढा. त्यावर वहन आकार, मग १६ टक्के वीज शुल्क. सर्व्हर हा घरात नंतर आलेला पाहुणा, त्यामुळे त्याची युनिटं तुमच्या शेवटच्या, म्हणजे सगळ्यात महाग स्लॅबमध्ये मोजायची. सरासरी दर लावू नका. मी इथे सगळं धरून युनिटला १२ रुपये घेतो, तुम्ही तुमचं बिल बघून आकडा बदला. १२ धरले तर एक वॅट म्हणजे वर्षाला साधारण १०५ रुपये.

आता डिस्क. ७२०० आरपीएमची मोठी साडेतीन इंची डिस्क काही काम नसताना, नुसती फिरत राहायला सात-आठ वॅट घेते. ५४०० वाली साडेतीन ते पाच. फरक धरा चार वॅट. म्हणजे वर्षाला सव्वाचारशे रुपये. चौघांनी रविवारी मिसळ खाल्ली की संपले. आणि एवढ्यासाठी लोक तीन-तीन आठवडे डेटाशीट वाचत बसतात.

त्यामुळे आधी मशीन बघा. घरात पडून असलेला जुना असेंबल केलेला पीसी सर्व्हर म्हणून लावला असेल तर तो रिकामा बसून ४५-५० वॅट सहज खातो. छोटा मिनी पीसी तेच काम आठ-दहा वॅटमध्ये करतो. हा ४० वॅटचा फरक, वर्षाला चार हजारांच्या पुढे. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर ऑनलाइन मिळतो, कुणाकडून उसना घ्या आणि एकदा मोजा. डिस्क निवडण्याआधी हे करा असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी मोठी बचत डिस्कच्या संख्येत असते. पीसीत पाचशे जीबी, एक टीबी, दोन टीबी अशा वर्षानुवर्षं साठत गेलेल्या चार डिस्क असतात. प्रत्येकी सहा वॅट धरले तर २४ वॅट. त्यांच्या जागी ८ टीबीची एकच, पाच वॅटची डिस्क आली की १९ वॅट वाचले, वर्षाला जवळजवळ दोन हजार रुपये. म्हणून डिस्कच्या खोक्यावरच्या हिरव्या पानांच्या चित्रापेक्षा "दर टीबीला किती वॅट" हा आकडा जास्त खरा.

मोठी डिस्क त्या प्रमाणात जास्त वीज का खात नाही? कारण वीज मुख्यतः जाते ती आतल्या चकत्या हवेतून फिरवत ठेवण्यात, मग त्या चकत्यांवर कितीही डेटा लिहिलेला असो. हवेचा हा विरोध वेग वाढला की फार झपाट्याने वाढतो, साधारण वेगाच्या घनाच्या जवळपास. ७२०० वरून ५४०० वर आलात तर वेग पाऊणपट झाला, पण हवेशी झगडण्यात जाणारी शक्ती निम्म्याहून खाली येते. आणखी एक उपाय एचजीएसटीने २०१३ मध्ये बाजारात आणला, ६ टीबीची सीलबंद डिस्क, आत हवेऐवजी हेलियम. हेलियमची घनता हवेच्या साधारण एक सप्तमांश, म्हणून विरोध कमी आणि एकाच डबीत जास्त चकत्या बसतात. आज खूप मोठ्या क्षमतेच्या डिस्क बहुतेक हेलियमच्याच असतात. हेलियम गळेल का, ही भीती अनेकांना असते. डिस्कच्या स्मार्ट नोंदींमध्ये २२ नंबरचा आकडा काही कंपन्या त्यासाठीच देतात, तो १०० दिसला की निवांत.

पण "कमी वीज" या नावाखाली काय काय विकलं जातं तेही ऐका, कारण इथे सव्वाचारशे रुपयांपेक्षा बरंच जास्त पणाला लागतं.

पहिलं, वेग. २०२० मध्ये लोकांच्या लक्षात आलं की वेस्टर्न डिजिटलच्या "५४०० आरपीएम क्लास" असं लिहिलेल्या काही डिस्क प्रत्यक्षात ७२०० ने फिरतायत. कसं कळलं? आवाजावरून. ७२०० फेऱ्या मिनिटाला म्हणजे सेकंदाला १२०, म्हणून डिस्क १२० हर्ट्झवर गुणगुणते. ५४०० ची गुणगुणते ९० वर. ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांच्यासाठी सांगतो, ९० ला सा धरला तर १२० म्हणजे बरोबर शुद्ध मध्यम. फोनमध्ये ट्यूनरचं ॲप असेल तर डिस्कला टेकवून बघा, मजा येते. तात्पर्य एवढंच की "क्लास" या शब्दावर जाऊ नका, डेटाशीटमधला आयडल वॅटचा आकडा वाचा.

दुसरं, एसएमआर. यात डिस्कवरचे ट्रॅक घरावरच्या कौलांसारखे एकावर एक थोडे चढवून लिहितात. त्याच चकतीत जास्त मावतं, डिस्क स्वस्त पडते, वीजही कमी लागते. पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात ना, तसं मधे काही बदलायचं झालं की डिस्कला पुढचे ट्रॅक पुन्हा लिहावे लागतात. फोटो एकदा टाकून नुसते बघायचे असतील तर चालून जातं. रेडमध्ये, झेडएफएसमध्ये अशी डिस्क घातली आणि एखादी बदलायची वेळ आली तर पुनर्बांधणी रखडते, कधी अर्ध्यातच डिस्क बाहेर फेकली जाते. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत हे २०२० च्या एप्रिलमध्ये उघड झालं, तोवर खोक्यावर तसं काही लिहिलेलंच नव्हतं. गदारोळ झाल्यावर त्यांनी सीएमआर डिस्कसाठी "रेड प्लस" असं वेगळं नाव केलं. आज मोठ्या कंपन्या आपल्या साइटवर प्रत्येक मॉडेलपुढे एसएमआर की सीएमआर ते देतात. पैसे देण्याआधी मॉडेल नंबर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरं, डोकं पार्क करणं. आधीच्या पिढीतल्या डब्ल्यूडी ग्रीन आठवत असतील. आठ सेकंद काम नसलं की त्या वाचणारं डोकं चकतीवरून बाजूला नेऊन ठेवायच्या, तेवढीच वीज वाचते म्हणून. विंडोजवर ठीक होतं. लिनक्स मात्र थोड्या थोड्या वेळाने लॉग लिहीत राहतो. मग डोकं बाहेर, परत आत, परत बाहेर. डिस्कची हमी साधारण तीन लाख वेळा पार्क करण्याची. दर अर्ध्या मिनिटाला एकदा धरलं तर दिवसाला २८८० वेळा, आणि तीन लाख होतात साडेतीन महिन्यांत! म्हणून डिस्क लावल्यावर आठवड्याभराने स्मार्टमधला लोड सायकल काउंट बघाच. रोज हजारोंनी वाढत असेल तर ती सेटिंग बदलायला लागेल.

नाशिकमध्ये खरेदी करताना एक वेगळीच गंमत होते. दुकानात मोठी डिस्क मागितली की सीसीटीव्हीची दाखवतात, कारण खप तिचाच. द्राक्षाच्या बागा, बंगले, सोसायट्या, सगळीकडे कॅमेरे. मग लोक विचारतात, ती चालेल का? माझं मत, चालेल. ती दिवसरात्र लिहिण्यासाठीच बनवलेली असते, बहुतेकदा कमी वॅटची, आणि त्यातल्या बऱ्याच सीएमआर असतात. "व्हिडिओची डिस्क चुका सोडून देते" असं जे म्हणतात ते व्हिडिओसाठीच्या खास कमांड वापरल्या तरच लागू होतं. आपला लिनक्स साध्या कमांडने वाचतो. मुंबईहून मागवून वाट बघण्यापेक्षा इथल्या दुकानातली, इथल्या वॉरंटीची घ्या. फक्त घेतल्यावर किती तास चाललेली आहे ते तपासा. २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं युरोपात उघडकीला आलं. स्मार्टमधले तास शून्य केलेले, पण फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदीत खरे तास तसेच. स्मार्ट-सीटीएलची नवी आवृत्ती सीगेटच्या डिस्कमधून ती नोंद वाचून दाखवते.

कमी वॅटचा फायदा बिलात फारसा नाही म्हटलं, मग तो आहे कुठे? एक, उन्हाळ्यात. "नाशिक थंड हवेचं" हे एप्रिल-मेच्या दुपारी कुणी म्हणून दाखवावं. पारा चाळिशीला टेकतो, आणि आपण सर्व्हर ठेवतो टीव्हीच्या बंद कपाटात नाहीतर स्लॅबला लागून माळ्यावर. तिथे डिस्क बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंश वर जाते. बहुतेकांची मर्यादा ६० ते ६५. गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. त्यात तापमानाचा संबंध लोक समजतात तितका घट्ट निघाला नाही, पण खूप वरच्या तापमानाला मात्र बिघाड वाढलेले दिसले. आठऐवजी चार वॅटची डिस्क असेल तर पंख्याशिवाय उन्हाळा निघतो. पंखा नाही म्हणजे धूळही कमी.

दोन, वीज गेल्यावर. इथे एक अडचण बऱ्याच जणांना माहीत नसते. डिस्क फिरताना चार-पाच वॅट घेते, पण थांबलेली डिस्क सुरू होताना काही सेकंद वीस-पंचवीस वॅट ओढते. राउटरसाठीचा जो छोटा १२ व्होल्ट, २ अँपिअरचा यूपीएस मिळतो, त्याची पूर्ण ताकद २४ वॅट. त्यावर मिनी पीसी आणि साडेतीन इंची डिस्क दोन्ही टाकली तर चालू असेपर्यंत चालतं आणि सुरू होताना कोसळतं. अडॅप्टर निदान ५ अँपिअरचा हवा.

आणि तीन, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. चार डिस्कचं एका डिस्कमध्ये करणं म्हणजे सगळा संसार एका गाठोड्यात बांधणं. आमच्या घरच्या डिस्कवर काकांनी काढलेले २०१५ च्या सिंहस्थाचे फोटो आहेत आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं दीड तासाचं रेकॉर्डिंग आहे. आजी आता नाही. चित्रपट परत उतरवता येतात, हे नाही येत. आधी चारातली एक गेली असती तर पाव भाग गेला असता, आता सगळाच जाईल. म्हणून जे दोन हजार वाचले त्यातून दुसरी डिस्क घ्या. लोक म्हणतात, मग वीज परत दुप्पट झाली की! नाही होत. दुसरी डिस्क फिरती ठेवायचीच नाही. झोपलेली डिस्क एका वॅटपेक्षाही कमी घेते. रात्री तीनला उठवायची, नवीन काय आलं ते आर-सिंकने उतरवायचं, परत झोपवायची. दिवसाला एकदाच उठते, त्यामुळे सुरू-बंदची झीजही नगण्य. वर्षाचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास. रेड मिरर लावून दोन्ही डिस्क चोवीस तास फिरवण्यापेक्षा घरासाठी मला हेच पटतं, कारण मिररमध्ये चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. इथे रात्री तीनपर्यंत तरी वेळ असतो. मात्र कॉपी करताना "तिकडून पुसलं तर इकडूनही पूस" हा पर्याय बंद ठेवा. एक सूचना, यूएसबीच्या डबीत डिस्क असेल तर एचडी-पार्मने दिलेली झोपेची आज्ञा बऱ्याच डब्या पुढे पोचवतच नाहीत. वॅटमीटरवर खात्री करा.

जोडताना थोडक्यात. आधी पूर्ण तपासणी, बॅडब्लॉक्स लिहून-वाचून. ८ टीबीला चारही फेऱ्या केल्या तर पाच दिवस लागतात, एका फेरीत भागवलं तर सव्वा दिवस. देखभालीसाठी वीज जाणार असेल तो दिवस सोडून सुरू करा. पार्टिशन जीपीटीच करा, जुन्या एमबीआरला दोन टीबीच्या पुढचं दिसत नाही. ईएक्सटी-४ पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, ८ टीबीत ती होते ४०० जीबी! नुसत्या डेटाच्या डिस्कवर ट्यून-टू-एफएसने ती शून्य करा. आणि एफ-स्टॅबमध्ये यूयूआयडी टाका, सोबत नो-फेल. नाहीतर एक दिवस केबल सैल होईल, सर्व्हर सुरूच होणार नाही, आणि तुम्ही नेमके गावाला असाल.

राहिल्या त्या जुन्या चार डिस्क. त्यांना फॉरमॅट करू नका, विकूही नका. डेटा नव्या डिस्कवर आल्यावर चेकसम जुळवून बघा, मग त्या चंदेरी पिशवीत घालून, मार्करने तारीख आणि आत काय आहे ते लिहून, दुसऱ्या घरी ठेवा. मामाकडे, गावी, कुठेही. तिथे त्या शून्य वॅट खातात. वर्षातून एकदा, दिवाळीला गेलात की लावून बघायच्या, वाचता येतायत ना ते.