घड्याळाची पाठ

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी सांगितलं, ‘तुझ्या धंद्यातलं काहीतरी सांग, पंधरा मिनिटांत आटप.’ सरांना आठवत असेल, शाळेत मी उत्तराला उभा राहिलो की मला मिनिटभरसुद्धा पुरायचं नाही. पण १९८५ पासून, म्हणजे दहावीनंतरच्या वर्षापासून, मी मामाच्या दुकानात घड्याळं उघडतोय. तेव्हा आज एका घड्याळाची गोष्ट सांगतो. घड्याळ स्वित्झर्लंडचं आहे, पण त्याचा उगम आपल्या देशात झाला.

त्याचं नाव ‘रिव्हर्सो’. लॅटिनमध्ये अर्थ साधारण ‘मी उलटतो’ असा. कंपनी सांगते ती हकिकत अशी. १९३०-३१ च्या हिवाळ्यात सेझार द त्रे नावाचे स्विस व्यापारी हिंदुस्थानात आले होते. इथे ते इंग्रज अधिकाऱ्यांचा पोलोचा सामना बघायला गेले. खेळताना एका अधिकाऱ्याच्या मनगटावरच्या घड्याळाची काच फुटली होती. पोलोतही टिकेल असं घड्याळ कुणी का करत नाही, असा प्रश्न तेव्हा निघाला. द त्रे यांनी तो जाक-दाविद लकुल्त्र या कारखानदारांपुढे ठेवला. रने-आल्फ्रेद शोवो या रचनाकाराने उत्तर शोधलं आणि ४ मार्च १९३१ ला पॅरिसमध्ये पेटंटचा अर्ज दाखल झाला.

उत्तर साधं होतं. आपण काडेपेटी सरकवतो तशी आतली केस बाजूला सरकवायची, उलटी करायची आणि पुन्हा चौकटीत ढकलायची. ‘टक्’ असा आवाज येतो. काच आत मनगटाकडे जाते आणि धातूची पाठ वर येते. आता चेंडू लागला तरी तो पोलादावर लागणार. केस चौकोनी, लांबट. वर आणि खाली तीन-तीन आडव्या समांतर रेघा. ते घड्याळ दुरूनही ओळखू येतं ते या रेघांमुळे.

आता माझ्या विषयाकडे येतो. गेल्या नव्वदहून अधिक वर्षांत ही केस कशी बदलली?

पहिला बदल कारखान्यात झालाच नाही, तो लोकांनी केला. ढाल म्हणून दिलेली कोरी पाठ बघून त्यांना वाटलं, इथे नाव कोरता येईल. मग आद्याक्षरं आली, तारखा आल्या, मीनाकाम आलं. विमान चालवणाऱ्या अमेलिया एअरहार्ट यांच्या रिव्हर्सोच्या पाठीवर त्यांनी केलेल्या उड्डाणाचा मार्ग कोरलेला होता. पोलो खेळणारे किती असणार? पण नाव कोरून घ्यावंसं वाटणारे सगळेच.

मग पडता काळ आला. युद्धानंतर गोल घड्याळांची आवड वाढली. न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या काचा आल्या. आपल्या सरांच्या एचएमटीवर होती, तशी. काच फुटायचीच नसेल तर उलटायचं कशाला? पाठोपाठ बॅटरीवरची घड्याळं आली आणि चावीच्या घड्याळांचा सगळा धंदाच बसला. रिव्हर्सो जवळजवळ विस्मरणात गेलं. १९७२ मध्ये ज्योर्जो कोर्व्हो या इटालियन विक्रेत्याला कारखान्यात न वापरलेल्या दोनशे केसेस पडून असलेल्या दिसल्या. त्याने त्या मागून घेतल्या, त्यांत मशिनं बसवली आणि इटलीत विकायला ठेवली. बघता बघता सगळी संपली. तेव्हा कारखान्याला कळलं, आपण काय अडगळीत टाकलं होतं ते.

१९८५ मध्ये त्यांनी केस नव्याने बांधली. मी मामाच्या हाताखाली पहिला स्क्रू-ड्रायव्हर धरला तेच हे वर्ष. जुन्या केसमध्ये धूळ आणि ओल शिरायची, कारण सरकणाऱ्या वस्तूला फट लागतेच. नव्या केसला पन्नासहून जास्त सुटे भाग होते आणि ती धूळ-पाण्याला कितीतरी चांगली तोंड देणारी होती. पण समोरून पाहिलं तर तेच घड्याळ. त्याच तीन रेघा, तोच ‘टक्’. सगळा बदल आत.

पुढे १९९१ मध्ये साठीनिमित्त केस मोठी झाली. १९९४ मध्ये पाठीवरच दुसरी डायल आली, म्हणजे एका बाजूला इथली वेळ आणि उलटलं की परदेशातली. आपल्यातल्या अमेरिकावासीयांनी ऐकून ठेवावं! २००६ मध्ये चौकटीच्या तळालाही तिसरी डायल आली, २०२१ मध्ये चौथी. त्याच २००६ साली चौकोनी, रुंद केसही काढली होती. आणि २०११ मध्ये काय केलं? पातळ केस आणि १९३१ च्या पहिल्या घड्याळाची आठवण देणारी डायल! ऐंशी वर्षं फिरून पुन्हा मूळच्या चेहऱ्याकडे.

माझ्या हाती रिव्हर्सो एकदाच आलं. गिऱ्हाईक म्हणालं, ‘आजोबांचं आहे. साफ करा, पण पॉलिश करू नका.’ मी पाठीवर बोट फिरवलं. अक्षरं झिजली होती, पण लागत होती. ते का सांगत होते, हे मला चांगलं कळलं, कारण त्याआधी मी एक चूक करून बसलो होतो. बफच्या चाकावर धातू चमकतो तो वरचा थर निघून जातो म्हणून. कडा गोल होतात, रेघा बुजतात. गेलेला धातू परत लावता येत नाही.

दुकानातल्या माझ्या तिसऱ्या वर्षी आपल्याच वर्गातल्या एकाने वडिलांचं घड्याळ आणून दिलं. वडील नुकतेच गेले होते. त्याने फक्त चालू करायला सांगितलं होतं. मला वाटलं, मित्राचं काम आहे, नव्यासारखं करून देऊ. पाठीला बफ मारला. तिथे वडिलांचं नाव आणि निवृत्तीची तारीख होती, सहकाऱ्यांनी कोरून दिलेली. मी ती ओरखड्यांसकट पुसून टाकली. त्याने घड्याळ उलटून पाहिलं, काही बोलला नाही, पैसे दिले आणि गेला. पुन्हा दुकानात आला नाही. माझंही त्याच्या घरी जायचं धाडस झालं नाही. आज तो समोर बसला आहे. सकाळी चहाच्या वेळी त्याला विचारलं, ‘हे सांगू का?’ तो म्हणाला, ‘सांग.’ आणि मनगट पुढे केलं. तेच घड्याळ, चालू आहे.

मित्रा, सदतीस-अडतीस वर्षं उशीर झाला. माफ कर.

आपण सगळेही बदललो आहोत. कुणाची केस मोठी झाली, कुणाची डोक्यावरची गेली! ते चालायचंच. माझं एवढंच सांगणं आहे: घरात आई-वडिलांची जुनी घड्याळं असतील तर काढा. चालत नसतील तर माझ्याकडे आणा, मजुरी घेणार नाही. पण दुरुस्तीला देण्याआधी, कुणाकडेही द्या, घड्याळ उलटून पाठ वाचा आणि कारागिराला बजावून सांगा, हिला हात लावू नका.

सर, पंधरा मिनिटं झाली. बसतो.