हिस्टेरिया : शब्दाच्या पोटातला गर्भाशय

(समुपदेशन केंद्रांतल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मागच्या वर्षी आमच्या केंद्रावर तेवीस वर्षांची एक बाई आली. अधूनमधून दातखीळ बसायची, हातपाय ताठ व्हायचे. सोबत सासू आणि डॉक्टरची चिठ्ठी. चिठ्ठीवर एकच शब्द : हिस्टेरिया. सासू म्हणाली, "एक मूल झालं की जाईल हो सगळं."

सासूबाईंना कल्पना नव्हती, पण त्या सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्यांचंच बोलत होत्या. ग्रीक भाषेत 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय. हिपोक्रेटसच्या नावावरच्या ग्रंथांत म्हटलंय, कोरडा पडलेला गर्भाशय जागा सोडून वर सरकतो आणि बाईचा श्वास कोंडतो. उपाय? लग्न आणि गरोदरपण. शिवाय नाकाशी घाण वास आणि खाली सुगंध, म्हणजे तो परत जागेवर येईल! हसू नका, आपल्याकडेही झटका आला की नाकाशी चप्पल धरतातच. दुसऱ्या शतकात सोरेनस या वैद्याने स्पष्ट सांगितलं, की गर्भाशय जनावरासारखा हिंडत नाही. तरी समजूत टिकलीच.

१८८६ साली फ्रॉइडने व्हिएन्नात पुरुषांच्या हिस्टेरियावर व्याख्यान दिलं. त्यावर एक वृद्ध सर्जन म्हणाले, शब्दाचा अर्थच गर्भाशय, मग पुरुषाला हा आजार होईलच कसा? ही हकीकत फ्रॉइडनेच पुढे लिहून ठेवली आहे. म्हणजे रोगी समोर असताना निदान शब्दाने ठरवायचं!

आपला प्रतिशब्दही बघा : योषापस्मार. योषा म्हणजे स्त्री, अपस्मार म्हणजे फेफरं. गर्भाशय गेला, बाई राहिलीच.

१९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या आजारांच्या यादीतून हिस्टेरिया हे निदान काढलं. असे झटके खरे असतात, ते सोंग नव्हे, आणि पुरुषांनाही येतात.

त्या चिठ्ठीत झटके कधीपासून, हे नव्हतंच. सासूबाईंना बाहेर बसवून मी विचारलं. माहेरचं जाणं-येणं बंद केलं, त्या महिन्यापासून. आधी मेंदूच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली; फेफरं निघालं नाही. मग महिन्यातून एकदा माहेरी पाठवायचं, असं सासरकडून लिहून घेतलं. झटके कमी झालेत, थांबलेले नाहीत. ती अजून येते.