नापास कोण?



२०१८ साली मुलीच्या पहिलीच्या प्रवेशासाठी मी बँकेतून आल्यावर रोज तिच्याकडून इंग्रजी रंग, आकडे घोकून घेतले. मुलाखतीत ती गप्प राहिली. घरी येऊन म्हणाली, "बाबा, मी नापास झाले का?"

नापास मी झालो होतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १३ प्रवेशासाठी मुलांची वा पालकांची चाळणी घेण्यास मनाई करते. कलम १२ प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळांत पहिलीच्या किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी आहेत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा तेवढ्या २०१४ च्या निकालाने वगळल्या गेल्या. पदवीधर असून मी हे वाचले नव्हते.

मुलांना गोष्टी सांगा, त्यांना प्रश्न विचारू द्या. अर्जाची मुदत, दाखले आणि कायदा यांचा अभ्यास आपण पालकांनी करावा, एवढेच सांगून रजा घेतो.